बेरीची बेरीज

इंग्लंडच्या नकाशावर मँचेस्टरच्या उत्तरेला, जेमतेम पंधरा किलोमीटरवर बेरी नावाचे गाव आहे. कापसाच्या आणि कागदाच्या गिरण्यांवर वाढलेले हे लँकेशायरमधले गाव. विणकामाला वेग देणारा धावता धोटा १७३३ मध्ये ज्याने शोधला, तो जॉन के याच परिसरातला. पुढे पंतप्रधान झालेला रॉबर्ट पील १७८८ मध्ये इथेच जन्मला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात तिथला कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाड-खानदेशाकडे आणि मुंबईच्या बंदराकडे नजर वळवली. त्या अर्थाने या मुलखाशी आपले नाते जुनेच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र गिरण्यांचा नाही. या गावातल्या बेरी फुटबॉल क्लबच्या आकड्यांचा हा हिशेब आहे.

मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल ही नावे आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. बेरीचे नाव सहसा कोणी घेत नाही. तरीही इंग्लिश फुटबॉलच्या विक्रमांच्या वहीत या क्लबची दोन-तीन पाने अशी आहेत, की ती वगळून ती वही पुरी होत नाही. आणि २०१९ साली हा क्लब लीगमधून काढून टाकला गेला, तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. क्लबच नसेल, तर त्याचे विक्रम कोणाचे?

पहिली पाने

बेरीचा जन्म १८८५ चा. गावातल्या वेस्लियन आणि युनिटेरियन या दोन ख्रिस्ती पंथांच्या चर्चशी जोडलेले दोन संघ एकत्र आले आणि हा क्लब उभा राहिला. त्याच वर्षी गिग लेन हे मैदान मिळाले. जमीन अर्ल ऑफ डर्बी यांच्या जहागिरीतली होती. १९२२ मध्ये त्यांनी ती क्लबला देऊनच टाकली. क्लबला ‘शेकर्स’ म्हणजे ‘हलवून सोडणारे’ हे टोपणनाव पडले ते १८९० च्या दशकाच्या आरंभी. लँकेशायर कपच्या अंतिम सामन्यात समोर बलाढ्य ब्लॅकबर्न रोव्हर्स होते. त्यांना आपण चांगलेच हलवून सोडू, असे बेरीचे अध्यक्ष इंगम म्हणाले आणि संघाने ते खरे करून दाखवले.

१८९४ मध्ये बेरीला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला. पहिल्याच मोसमात संघ विजेता ठरला. त्या मोसमात घरच्या मैदानावर पंधरा सामने झाले आणि पंधराही बेरीने जिंकले. बरोबरीसुद्धा नाही! संपूर्ण मोसमात घरी एकही गुण न गमावणारे संघ लीगच्या इतिहासात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. त्या ओळीत सन्डरलंड आणि लिव्हरपूल यांच्या शेजारी बेरीचे नाव आहे.

त्यानंतर आली दोन एफए कप विजेतेपदे. २१ एप्रिल १९०० रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर बेरीने साउथॅम्प्टनचा ४-० असा पराभव केला. तीन वर्षांनी, १८ एप्रिल १९०३ रोजी, त्याच मैदानावर समोर डर्बी काउंटी होते. डर्बीचा नामांकित गोलवीर स्टीव्ह ब्लूमर त्या दिवशी खेळू शकला नाही. गोलरक्षक जखमी अवस्थेतच उतरला होता. निकाल बेरी ६, डर्बी ०. रॉस, सेगर, वुड आणि प्लांट यांनी प्रत्येकी एक, तर लीमिंगने दोन गोल केले.

या सामन्याइतकीच त्याआधीची वाटचालही पाहण्याजोगी आहे. वुल्व्ह्‌ज १-०, शेफील्ड युनायटेड १-०, नॉट्स काउंटी १-०, उपांत्य फेरीत ॲस्टन व्हिला ३-० आणि अंतिम फेरीत ६-०. पाच सामन्यांत बारा गोल केले, एकही स्वीकारला नाही. अंतिम सामन्यातले सहा गोलांचे अंतर त्यापुढे ११६ वर्षे कोणालाही गाठता आले नाही. दोन महायुद्धे झाली, वेम्बली मैदान बांधले गेले, पाडले गेले, नवे उभे राहिले. बेरीचा आकडा जागचा हलला नाही.

चढ-उतारांचा हिशेब

बेरीची १९२६ नंतरची गोष्ट मुख्यतः उतरणीची आहे. १९२५-२६ मध्ये संघ पहिल्या विभागात चौथा आला. लीगमधले त्याचे हे सर्वोच्च स्थान. १९२९ मध्ये तो पहिल्या विभागातून खाली घसरला, तो पुन्हा कधी वर गेला नाही. पुढे तिसरा विभाग, चौथा विभाग, पुन्हा वर, पुन्हा खाली. १९६१ मध्ये तिसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळाले. १९९६ आणि १९९७ अशा लागोपाठ दोन मोसमांत दोन श्रेणी चढून संघ दुसऱ्या श्रेणीत पोहोचला आणि दोन वर्षांत परत खाली आला.

याच भटकंतीतून एक असा विक्रम निघाला, जो कोणत्याही श्रीमंत क्लबच्या वाट्याला येऊ शकला नाही. २००५ साली बेरी हा इंग्लिश लीगच्या चारही श्रेणींत प्रत्येकी एक हजार गोल करणारा पहिला क्लब ठरला.

हा आकडा वरवर गमतीदार वाटतो. पण त्यासाठी काय काय घडावे लागते ते पाहा. हजार गोल म्हणजे साधारण वीस मोसमांचा मुक्काम. बडा क्लब चौथ्या श्रेणीत इतकी वर्षे राहत नाही, लहान क्लब पहिल्या श्रेणीत इतका टिकत नाही. चारही मजल्यांवर वीस-वीस वर्षे बिऱ्हाड करायचे तर क्लब जुना हवा, एके काळी मोठा असायला हवा, आणि पडल्यावरही तगून राहणारा हवा. वैभव आणि पडझड दोन्ही पुरेशी भोगल्याची ही पावती आहे.

बेरीच्या इतर नोंदीही अशाच दुहेरी आहेत. क्लबचा सर्वात मोठा विजय १८९७ मधला, एफए कपच्या फेरसामन्यात स्टॉकटनवर १२-१ असा. आता १९८३ मधली लीग कपची लढत बघा. वेस्ट हॅमविरुद्ध घरच्या सामन्यात बेरी १-२ असा हरला आणि लंडनच्या परतीच्या सामन्यात ०-१० असा. दोन्ही मिळून बेरीज होते १२-१. पारडे मात्र या वेळी उलट होते.

गोलांचा विक्रम क्रेग मॅडनचा. १९७८ ते १९८६ या काळात त्याने लीगमध्ये १२९ गोल केले. त्यातले ३५ एकट्या १९८१-८२ च्या मोसमात, तेही चौथ्या विभागात. सर्वाधिक सामन्यांचा विक्रम नॉर्मन बुलक याचा. १९२० ते १९३५ अशी पंधरा वर्षे तो एकाच क्लबकडून लीगचे ५०६ सामने खेळला. इंग्लंडकडूनही तो तीनदा खेळला आणि पुढे बेरीचा व्यवस्थापक झाला. गर्दीचा उच्चांक ९ जानेवारी १९६० चा. शेजारच्या बोल्टनविरुद्ध एफए कपच्या सामन्याला ३५,००० माणसे गिग लेनवर जमली. गावाची लोकसंख्या तेव्हा साठ हजारांच्या आसपास होती.

भारतीय वाचकाने थांबावे असे एक पानही या वहीत आहे. १९९९ मध्ये सिक्कीमचा बायचुंग भुतिया ईस्ट बंगाल सोडून बेरीत दाखल झाला. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारा तो पहिला भारतीय. त्याआधी १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिककडून अनवाणी खेळला होता, पण तो थोडक्या दिवसांचा मुक्काम होता. भुतिया बेरीकडून लीगचे ३७ सामने खेळला आणि त्याने तीन गोल केले. आकडे किरकोळ आहेत. परंतु मोठ्या क्लबांच्या दारातही आपला खेळाडू पोहोचत नव्हता, त्या काळात इंग्लिश लीगची दारे उघडली ती या लहानशा गावाने.

वर्ष २०१९

लहान क्लबचे अर्थकारण नेहमीच ओढगस्तीचे असते. बेरीने कोलिन बेलसारखा खेळाडू घडवला आणि १९६६ मध्ये मँचेस्टर सिटीला विकला. तिथे तो त्या क्लबच्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. १९९७ मध्ये डेव्हिड जॉन्सनला इप्सविचला विकून ११ लाख पौंड मिळाले. खेळाडू घडवायचा, विकायचा आणि पुढचा मोसम काढायचा, अशी ही रीत. २००२ मध्ये प्रक्षेपण करणारी आयटीव्ही डिजिटल कंपनी बुडाली, खालच्या क्लबांचे हक्काचे पैसे बुडाले आणि बेरीवर प्रशासक आला. त्या वेळी चाहत्यांनी पैसे गोळा करून क्लब तगवला. २००६ मध्ये अपात्र खेळाडू उतरवल्याबद्दल एफए कपमधून संघ बाद झाला. जो कप दोनदा जिंकला, त्यातूनच जिंकलेला सामना खिशात असताना हाकलले जाण्याची वेळ आली.

२०१३ नंतरच्या मालकीत खर्च उत्पन्नाच्या पुष्कळ पुढे गेला. अर्लने दिलेले मैदान गहाण पडले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये क्लब एका पौंडाला नव्या मालकाच्या हाती गेला. काही महिन्यांत खेळाडूंचे पगार थकले. आश्चर्य असे, की पगार थकलेल्या याच संघाने एप्रिल २०१९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली.

१८ मे २०१९ रोजी वेम्बलीवर मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० असे हरवून एफए कप जिंकला. ११६ वर्षांनी बेरीच्या विक्रमाची बरोबरी झाली. सिटीच्या मागे अबुधाबीचा पैसा होता. बेरीच्या तिजोरीत पगारालाही पैसे नव्हते. दोन्ही मैदानांतले अंतर गाडीने जेमतेम अर्ध्या तासाचे.

ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला, पण आर्थिक हमी देता न आल्यामुळे बेरीचे सामने एकामागून एक स्थगित होत गेले. क्लबची एक माजी संचालिका मैदानाच्या दारात पाण्याच्या नळाला साखळीने स्वतःला बांधून बसली. तिच्या वडिलांनी खेळाडू आणि पुढे व्यवस्थापक म्हणून आयुष्य या क्लबला दिले होते. २७ ऑगस्ट ही अखेरची मुदत होती. त्या दिवशी चाहते झाडू, बादल्या घेऊन गिग लेनवर आले आणि शनिवारी सामना होईल या आशेने खुर्च्या पुसत राहिले. खरेदीदाराने माघार घेतली. रात्री लीगने बेरीला काढून टाकल्याचे जाहीर केले. १२५ वर्षांचे सदस्यत्व संपले. त्या मोसमात तिसरी श्रेणी २४ ऐवजी २३ संघांची खेळवली गेली.

विक्रम कोणाचे?

कायद्याने पाहिले तर क्लब म्हणजे कंपनी. कंपनी बुडाली की तिचे देणे-घेणे उरते, तिचा १९०३ चा एप्रिल कोणी वसूल करत नाही. पण इंग्लंडमध्ये हा प्रश्न आधीही आला होता. बेरीपासून फार दूर नसलेला ॲक्रिंग्टन स्टॅनली क्लब १९६२ मध्ये कर्जापायी लीग सोडून गेला, १९६८ मध्ये नव्याने उभा राहिला आणि २००६ मध्ये लीगमध्ये परतला. लंडनचा विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला, तेव्हा चाहत्यांनी आधीच आपला वेगळा संघ काढला होता. अखेर २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने जुने चषक आणि इतिहासावरचा हक्क विम्बल्डनच्या स्थानिक पालिकेकडे सोपवला. इतिहास कंपनीबरोबर जात नाही, तो गावाकडे राहतो, असा हा निवाडा म्हणायला हरकत नाही.

बेरीत हे सोपे नव्हते. चाहत्यांच्या एका गटाने ‘बेरी एएफसी’ हा नवा क्लब काढला. तो २०२० पासून दहाव्या श्रेणीत, शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळू लागला. दुसऱ्या गटाने जुने मैदान आणि नाव सोडवण्याचा ध्यास घेतला. सरकारच्या सामुदायिक मालकी निधीतून दहा लाख पौंड आणि देणगीदारांची मदत मिळवून २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी गिग लेन विकत घेतले. एका गटाकडे संघ, दुसऱ्याकडे मैदान आणि नाव. एकाच घरातल्या दोन भावांसारखी अवस्था. एकत्र येण्यासाठीचे पहिले मतदान ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले, त्यात नियमानुसार लागणारे मताधिक्य थोडक्यात हुकले. २०२३ मध्ये दुसऱ्यांदा मतदान झाले आणि दोन्ही घरे एक झाली. त्याच वर्षी बेरी फुटबॉल क्लब या मूळ नावाने संघ गिग लेनवर परतला, नवव्या श्रेणीत. २०२५ मध्ये ती श्रेणी जिंकून तो आठव्या श्रेणीत गेला.

बेरीच्या पतनाचा परिणाम गावापुरता राहिला नाही. क्लबांच्या मालकीची आणि हिशेबांची चौकशी व्हावी, या मागणीने जोर धरला. चाहत्यांच्या बाजूने फुटबॉलच्या कारभाराचा आढावा घेणारा अहवाल २०२१ मध्ये आला आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. त्याने स्वतंत्र नियामक नेमला. हा कायदा होण्यामागे जी उदाहरणे पुन्हा पुन्हा दिली गेली, त्यांत बेरीचे नाव अग्रभागी होते.

आपल्याकडे लोणी कढवून तूप काढल्यावर भांड्याच्या तळाशी जी खरपूस साय-साका उरते, तिलाही बेरी म्हणतात. तूप दुसऱ्यांच्या वाटीत जाते, बेरी घरच्यांसाठी उरते. या क्लबचे पैसे, खेळाडू आणि काही काळ मैदानसुद्धा इतरांकडे गेले. मागे राहिले ते आकडे, आणि ते आपले आहेत असे मानणारी माणसे. खुर्च्या पुसायला आलेल्या त्या माणसांनीच मैदान सोडवले आणि मतदान करून घर सांधले. १९०३ चे सहा गोल कोणाचे, याचे उत्तर त्यांनी कागदावर लिहून ठेवलेले नाही. पण तक्त्यात १८९४ पासून चालत आलेली ओळ चार वर्षे खंडली होती, ती त्यांनी पुढे लिहायला घेतली आहे.