पटावरची फौज आणि रसद

उल्हासनगरात पत्ता विचारा, 'कॅम्प नंबर तीन' किंवा 'चार' असेच उत्तर मिळेल. दुसऱ्या महायुद्धात ही लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे वसले. एवढ्या माणसांना रोज धान्य-पाणी पुरविणे ही युद्धातली निम्मी विद्या. लष्करातले लोक ती काही अंशी खेळून शिकले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या बुद्धिबळात मात्र ती नाही. हत्ती, घोडा, उंट सारे आहेत. चाऱ्याची गाडी कुठे आहे? पटावरचे प्यादे उपाशी राहात नाही. पानिपतावर माणसे राहिली! डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटीच रणात उतरली.

पुढे प्रशियात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने वडिलांचा खेळ सुधारून १८२४ साली नकाशावर आणला. सोंगट्या, फासे आणि मध्ये पंच. दोन मिनिटांत पलटण जेवढी चालेल, तेवढीच सोंगटी सरकायची. वेळ-अंतराचा हा हिशेब रसदीलाही लागतोच.

रसदच डावाच्या मध्यभागी आली ती १९४२ साली, लिव्हरपूलला. कमांडर गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी जमिनीवर समुद्र आखला; मालवाहू जहाजांचा तांडा जर्मन पाणबुड्यांपासून वाचवायचा. कप्तानांना पडद्याच्या फटीतून दिसेल तेवढेच दिसे. खेळ चालवीत नौदलातल्या तरुण मुली, आणि त्यांच्याकडून मुरलेले दर्यावर्दीही शिकत. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी तेथे खेळून गेले.