कौन्सिल लीजहोल्डर : घरातील फेरफार आणि इमारतीची सुरक्षा कामे

इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलच्या इमारतीत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे लीजवर, फ्लॅट घेतलेल्या व्यक्तीला कौन्सिल लीजहोल्डर म्हणतात. हा फ्लॅट विकता येतो, वारसांना देता येतो. मात्र जमीन, छप्पर, जिने, भारवाहक भिंती आणि बऱ्याच लीजमध्ये खिडक्यासुद्धा कौन्सिलच्याच राहतात. त्यामुळे घरात मोठा बदल करायचा तर कौन्सिलची परवानगी लागते, आणि इमारतीच्या दुरुस्तीचा निर्णय कौन्सिलने घेतला की खर्चाचा वाटा लीजहोल्डरला सर्व्हिस चार्जमधून भरावा लागतो.

हा वर्ग मुख्यतः १९८० च्या गृहनिर्माण कायद्यातून निर्माण झाला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. फ्लॅट बहुधा १२५ वर्षांच्या लीजवर विकले गेले. विक्रीच्या वेळी कौन्सिलने दुरुस्तीखर्चाचा अंदाज द्यायचा आणि पहिली पाच वर्षे, महागाईची वाढ सोडल्यास, त्यापलीकडे आकारणी करायची नाही, असा नियम आहे. ही मुदत संपल्यावर आलेल्या बिलांनी अनेक वृद्ध कुटुंबांची झोप उडवली.

फेरफार : रंगकाम किंवा ओट्याची फरशी बदलायला सहसा कोणी अडवत नाही. भिंत पाडणे, खिडकी किंवा मुख्य दरवाजा बदलणे, बॉयलरचा धूरनळ बाहेरच्या भिंतीतून काढणे यांना मात्र लेखी संमती लागते. लीजमध्ये ‘संमतीशिवाय सुधारणा करू नये’ अशी अट असेल, तर १९२७ च्या कायद्यानुसार कौन्सिलला अवाजवी नकार देता येत नाही. अट सरसकट मनाईची असेल तर हे संरक्षण मिळत नाही. उलट इतर लीजहोल्डरांना ती अट पाळून घेण्याचा हक्क असेल, तर मालकाला एकट्यासाठी ती शिथिल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये लंडनमधील एका खाजगी इमारतीच्या दाव्यात दिला. जमीनमालक म्हणून मिळालेली संमती, नियोजन विभागाची मंजुरी आणि बांधकाम नियमांची मंजुरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्ही एकाच कौन्सिलकडून मिळत असल्या तरी एकीवर दुसरीचे काम भागत नाही. १८ मीटर किंवा सात मजल्यांपासून पुढच्या निवासी इमारतींची बांधकाम मंजुरी तर १ ऑक्टोबर २०२३ पासून राष्ट्रीय सुरक्षा नियामकाकडे गेली आहे.

भिंतीबाबतच्या कडकपणामागे इतिहास आहे. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, तयार काँक्रीट पॅनेलची एक भारवाहक भिंत बाहेर फेकली गेली आणि एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण मेले. अशाच पद्धतीने बांधलेल्या पेकमच्या लेडबरी वसाहतीतील उंच इमारतींचा गॅस २०१७ मध्ये तपासणीनंतर बंद करावा लागला.

दरवाजा : वादाचा सर्वांत ज्वलंत विषय फ्लॅटचा मुख्य दरवाजा हा आहे. साधारणपणे तो ३० मिनिटे आग रोखणारा आणि आपोआप बंद होणारा असावा लागतो. ३ जुलै २००९ रोजी सदर्क कौन्सिलच्या लाकनल हाउसमधील आगीत सहा जणांचा बळी गेला, त्यांत तीन मुले होती. कौन्सिलने अग्निसुरक्षेतील कसूर २०१७ मध्ये न्यायालयात कबूल केली. तिला २,७०,००० पौंड दंड झाला. १४ जून २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जण गेले. अनेक फ्लॅटांचे दरवाजे आपोआप बंद होत नव्हते आणि धूर सामाईक जागेत पसरला, हे चौकशीत पुढे आले. एका घराने हौसेने बसवलेला साधा दरवाजा साऱ्या मजल्याच्या जिवाशी खेळ ठरू शकतो. येथे कौन्सिलचा हस्तक्षेप पूर्णपणे रास्त आहे.

२०२१ च्या अग्निसुरक्षा कायद्याने इमारतीचा सांगाडा, बाह्य भिंती आणि फ्लॅटचे दरवाजे तपासणीच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केले. जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच इमारतींत फ्लॅटचे दरवाजे दरवर्षी तपासण्याचा कसोशीने प्रयत्न करणे बंधनकारक आहे. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच इमारतींतील १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या रहिवाशांवरही सुरक्षासाधनांशी छेडछाड न करण्याचे कर्तव्य टाकले. तरीही कौन्सिलच्या अधिकाराला सीमा आहे. ग्रेनफेलनंतर वॉन्ड्सवर्थ कौन्सिलने दहा किंवा अधिक मजल्यांच्या इमारतींच्या फ्लॅटांत स्प्रिंकलर बसवायचे ठरवले. लीजहोल्डरांनी विरोध केला, आणि सर्व इमारतींना एकत्रित मान्यता मागणारा कौन्सिलचा अर्ज ट्रायब्युनलने, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, मान्यता न देता निकाली काढला.

खर्च : एखाद्या लीजहोल्डरचा वाटा २५० पौंडांहून अधिक होणार असेल, तर १९८५ च्या कायद्याच्या कलम २० नुसार नोटीस देऊन म्हणणे मांडायला ३० दिवस द्यावे लागतात. तसे न केल्यास आणि ट्रायब्युनलने सूट न दिल्यास २५० पौंडांपुढे वसुली होत नाही. खर्च वाजवी आहे का, हेही ट्रायब्युनल तपासते. हाउन्सलो कौन्सिलने एका लीजहोल्डरला ५५ हजार पौंडांहून अधिक बिल पाठवले होते. त्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की, दुरुस्तीपलीकडच्या सुधारणा करताना लीजहोल्डरांचे मत, त्यांची ऐपत आणि स्वस्त पर्याय लक्षात घेतलेच पाहिजेत. २०२२ च्या कायद्याने पात्र लीजहोल्डरांना सदोष क्लॅडिंग, म्हणजे बाह्य भिंतींवरचे आवरण, काढण्याच्या खर्चातून मुक्त केले. जुन्या इमारतीतील नव्या अग्निरोधक दरवाजांचा खर्च मात्र या माफीत बसेलच असे नाही.

परवानगी देणारी, काम काढणारी आणि बिल वसूल करणारी संस्था एकच असल्याने ट्रायब्युनलचा दरवाजा लीजहोल्डरासाठी मोलाचा आहे. लंडनमध्ये पूर्वीचा कौन्सिल फ्लॅट घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी सही करण्याआधी तीन कागद वकिलामार्फत अवश्य मागावेत : जुन्या फेरफारांच्या लेखी संमती, इमारतीचा आगीच्या धोक्याचा अहवाल आणि कलम २० च्या चालू नोटिसा. आधीच्या मालकाने विनापरवाना पाडलेल्या भिंतीचा जाब कौन्सिल बहुधा नव्या मालकाला विचारते.