पेपर कोणाचा?

हैदराबादेत निवडणूक जवळ आली की माणसे बातमीआधी पेपर कोणता ते विचारतात. काचीगुड्यात वाढताना मी ही सवय तेलुगू शेजाऱ्यांकडून उचलली. या सवयीला इतिहास आहे, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत घडला.

रामोजी राव यांनी १० ऑगस्ट १९७४ रोजी विशाखापट्टणमला ‘ईनाडू’ काढला. विजयवाड्याचे पेपर तिथे उशिरा पोचत. ईनाडू पहाटेच दारात पडू लागला. पुढच्याच वर्षी तो हैदराबादेतूनही निघू लागला. आंध्र प्रदेशात काँग्रेसची सत्ता होती, पण मुख्यमंत्री ठरायचा दिल्लीत. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत चेन्ना रेड्डी, अंजय्या, भवनम वेंकटराम आणि विजयभास्कर रेड्डी असे चार मुख्यमंत्री झाले. तेलुगू माणसाला हा अपमान झोंबत होता.

२९ मार्च १९८२ रोजी चित्रपटनट एन. टी. रामाराव (एनटीआर) यांनी हैदराबादेत तेलुगू देसम पक्षाची घोषणा केली. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यांचा ‘चैतन्य रथम्’ गावोगाव फिरू लागला आणि त्या दौऱ्याने ईनाडूची पाने भरू लागली. इतर मोठे पेपर या नटाला गंभीरपणे घेत नव्हते. जानेवारी १९८३ मध्ये नऊ महिन्यांच्या पक्षाने काँग्रेसला सत्तेवरून खाली खेचले. पेपरने बाजू घेतली होती हे खरे. पण लोकांच्या मनातला राग त्याने इतरांआधी ओळखला, हेही तितकेच खरे.

मला खटकले ते पुढचे. ऑगस्ट १९९५ मध्ये जावई चंद्राबाबू नायडूंनी एनटीआरना मुख्यमंत्रिपदावरून पायउतार केले, तेव्हा ईनाडू नायडूंच्या बाजूने उभा राहिला. ज्याला त्याने डोक्यावर घेतले होते, त्याच्याविरुद्ध तीच पाने वापरली गेली. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर काँग्रेसचे वाय. एस. राजशेखर रेड्डी ईनाडू आणि आंध्रज्योतीचे नाव न घेता जाहीरपणे ‘ती दोन पत्रे’ म्हणत. मार्च २००८ मध्ये त्यांचे पुत्र जगन यांनी ‘साक्षी’ काढला, तोही एकाच वेळी २३ आवृत्त्यांसह. २००९ च्या निवडणुकीत एकाच दिवसाच्या सभा दोन पेपरांत वाचल्या, तर दोन वेगळ्या राज्यांत मतदान आहे असे वाटे. २०११ मध्ये वेगळ्या तेलंगण राज्याच्या आंदोलनाच्या बाजूने ‘नमस्ते तेलंगाणा’ आला. आता प्रत्येक गटाचा आपापला पेपर होता.

बाजू घेणे हा मुळात गुन्हा नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी निजामाच्या राज्यात राहून हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे लिहिले. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री काचीगुड्यात निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांनी त्यांच्यावर हल्ला केला. लिहिणारा हात तोडला, जीव घेतला. त्यांच्या मताच्या पाठीशी सत्ता नव्हती, ठेका नव्हता, घराण्याची खुर्ची नव्हती. ते मत कोणाचे आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक होते आणि त्याची किंमत लिहिणाऱ्याने स्वतः मोजली.

म्हणून पत्रकार होऊ पाहणाऱ्या मुलांना मी निःपक्ष व्हा असे सांगत नाही. अग्रलेखात हवे ते मत मांडा, पण विरोधकाच्या सभेला किती माणसे होती ते खरे छापा. आणि मतदाराला माझे कळकळीचे सांगणे आहे: मतदानापूर्वीचे पंधरा दिवस तरी आपल्याला न आवडणारा पेपरही विकत घ्या. मालकाचे नाव ओळखणे आपण शिकलो. त्यापुढे जाऊन त्याने काय गाळले ते शोधणे हे आपलेच काम आहे.