हिब्रू शिकायची किंमत

मिशनऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत, असं आपल्याकडे नेहमी सांगतात. खोटं नाही ते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून छापलं. पण मिशनच्या शाळेत हिब्रूबरोबर येशूचा धडाही आलाच. कोकणातून मुंबईला आलेल्या गरीब बेने इस्रायल बापापुढे निवड ती काय? मुलाला अडाणी ठेवायचं, नाहीतर वाडवडिलांचा धर्म अपुरा आहे हे त्याला रोज ऐकू द्यायचं. अंगाला कुणी हात लावला नाही हे खरं, तरी मी याला दबावच म्हणतो.

१८३९ मध्ये विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. प्रकरण कोर्टात गेलं, पारशांनी मुलं भराभर शाळेतून काढली. आपल्यात धर्म सोडणारे थोडेच निघाले. पण मूल शाळेत गेलं की आईबापांच्या जिवाला घोर लागे, तो कोण मोजणार?

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी भावांच्या साथीने १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी इस्रायली शाळा काढली. पुढे तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं.