बोटभर जागा

गडचिरोलीत भामरागडच्या पुढे, लाहेरी-धोडराजच्या बाजूला पावसाळ्यात ज्या जुन्या काळ्या सायकली दिसतात, त्यांतल्या पुष्कळींना पुढचं मडगार्ड नसतं. मागचं असतं. ते कॅरिअरखाली दडलेलं, काढायचं तर अर्धी सायकल खोलावी लागते. पुढचं मात्र चार नट सैल केले की हातात येतं. शहरी पाहुण्याला वाटतं गंजून पडलं असेल, पण बहुतेकदा ते मुद्दाम काढून ठेवलेलं असतं.

कारण पायाखालीच आहे. धानाच्या बांध्यांमधली कन्हार माती ओली झाली की टायरला धरते. टायर ती वर नेतो आणि मडगार्डाच्या पोटात कोंबतो. पुढचा फेरा आणखी थोडी नेतो. पाच-पन्नास पावलांत चाक जड होतं आणि मग फिरायचंच थांबतं. मग सायकल आडवी पाडायची, बांबूची कामटी शोधायची आणि आत बोट घालायलाही जागा नसलेल्या फटीतून माती खरवडून काढायची. ती निघते पण सरळ निघत नाही. गवत, पाला, मुरमाचे खडे असं सगळं मिळून तिचा काला झालेला असतो. हे एकाच वाटेवर दोनदा-तीनदा झालं की माणूस घरून पाना घेऊनच निघतो.

नाव मडगार्ड आणि हाल हे. पण त्यात मडगार्डाचा दोष नाही. ही वस्तू जन्मली ती पक्क्या, ओल्या रस्त्यावरच्या पाण्यासाठी. तिची सगळी कुळकथा म्हणजे टायर आणि पत्रा यांच्यामधल्या बोटभर जागेची कथा आहे. रस्ता सुधारला की ही जागा कमी होते, बिघडला की वाढवावी लागते. स्पोर्टी रोड बाइकला शोभेल असं मडगार्ड कुठलं, हा आजचा हौशी प्रश्नही शेवटी तिथेच येऊन थांबतो.

1817 मध्ये कार्ल द्राइसने जर्मनीत लाकडाची दोनचाकी चालवली, तेव्हा तिला पेडल नव्हतं. पायाने जमीन रेटत जायचं, त्यामुळे बूट चिखलात असणारच होते. 1870च्या दशकातल्या उंच पुढच्या चाकाच्या सायकलीवर स्वार पुरुषभर उंचीवर बसायचा. खाली काय उडतंय याच्यापेक्षा आपण खाली कधी पडतोय याची काळजी त्याला जास्त होती. सगळं बदललं ते 1885 मध्ये. जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सायकल आली: दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी, आणि स्वार दोन चाकांच्या मधोमध, खाली. पडण्याची भीती गेली, पण आता दोन्ही चाकांचा मारा थेट त्याच्यावर. तीनच वर्षांनी, 1888 मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. टायर रुंद झाला, वेग वाढला आणि रस्त्यावरचं पाणी उचलून फेकण्याची ताकदही.

हे पाणी जातं कुठे, ते एकदा नीट पाहायला हवं; मडगार्ड निवडताना फसगत होते ती इथेच. टायरवरचा थेंब सुटतो तो चाकाच्या स्पर्शरेषेत. मागच्या चाकाच्या वरच्या भागातून सुटलेला थेंब वर आणि पुढे जातो, म्हणजे स्वाराच्या पाठीवर. शर्टावरचा तो उभा तपकिरी पट्टा सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेला थेंब पुढे उडतो, वाऱ्याने परत फिरतो आणि तोंडावर येतो. पण सगळ्यांत जास्त पाणी सुटतं ते पुढच्या चाकाच्या खालच्या, मागच्या अंगाने. ते जातं घोट्यांवर, साखळीवर आणि पेडलांच्या मधल्या बी.बी. एक्सलच्या बेअरिंगमध्ये. म्हणून पुढचं मडगार्ड वर किती लांब आहे याला फारसा अर्थ नाही. ते मागच्या बाजूने किती खाली उतरतं ते महत्त्वाचं. आपल्या रोडस्टरच्या पुढच्या मडगार्डाला टोकाशी रबरी फ्लॅप लोंबतो तो याच्यासाठी. शोभेचा वाटतो, पण सगळ्या सायकलीत त्याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नसेल.

सुरुवातीला मडगार्ड हट्टाने मागितलं ते बायकांनी. 1890च्या दशकात इंग्लंडात बायका सायकलवर बसू लागल्या आणि घोळदार झगे चाकात जाऊ लागले. मागच्या मडगार्डाच्या कडेला भोकं पाडून तिथून चाकाच्या मध्यापर्यंत दोऱ्या ओवायची पद्धत तेव्हाची. पुण्यात लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला जी जाळी असायची, ती याच घराण्यातली. झग्याच्या जागी साडीचा काठ आणि परकर आले एवढंच. मानव विकास कार्यक्रमातून गडचिरोली जिल्ह्यात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी ज्या सायकली मिळतात, त्यांनाही पूर्ण मडगार्डं असतात. मुलींचा गणवेश स्वच्छ राहावा ही गरज शंभर-सव्वाशे वर्षांत काही बदललेली नाही.

मडगार्ड हा वेगळा धंदा कसा झाला, तेही मजेशीर आहे. लंडनच्या ब्लूमेल बंधूंचं घराणं छत्र्या आणि हातातल्या काठ्या बनवणारं. पावसाशी संबंध जुनाच म्हणायचा. ते सायकलच्या सामानाकडे वळले, 1904 मध्ये कॉव्हेन्ट्रीजवळच्या वोल्स्टनला गेले आणि सेल्युलॉइडच्या मडगार्डांसाठी प्रसिद्ध झाले. पत्र्यापेक्षा हलकी, न गंजणारी, न खडखडणारी. हौशी सायकलपटू त्यांच्यावर खूश होते. तडकायची, हा एक दोष. आणि सेल्युलॉइड पेटायलाही सोपं.

आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या मडगार्डाचं शेपूट पांढरं का असतं, हे मी अनेक मेकॅनिकांना विचारलं आहे. ‘कंपनीच तशी काढते,’ हे उत्तर. कंपनी तशी का काढते, ते ब्रिटनमध्ये सापडतं. 1930च्या दशकात तिथे रात्री मोटारी सायकलींना मागून ठोकू लागल्या. सायकलींना मागे लाल दिवा सक्तीचा करा, अशी मागणी झाली. सायकलपटूंच्या संघटनांनी कडाडून विरोध केला: पुढे बघून चालवणं हे मोटारवाल्याचं काम, आमच्या माथी का? तडजोड म्हणून मागे लाल परावर्तक आणि मडगार्डावर पांढरा पट्टा, असा नियम झाला. मग महायुद्ध आलं, दिवे झाकले गेले आणि पांढऱ्या रंगाचं महत्त्व आणखी वाढलं. तिथे पुढे मागचा दिवा सक्तीचा झालाच. पण तोवर साचे, रंग आणि नमुने इकडे आले होते. वरळीची हिंद सायकल, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टी.आय., सोनीपतची अ‍ॅटलास, 1956 पासून लुधियानाची हिरो, सगळ्यांची रोडस्टर मूळ त्याच इंग्रजी वळणाची. वाद तिकडे मिटला, पट्टा इकडे राहिला. आणि दिवा नसलेली सायकल सागाच्या जंगलातून संध्याकाळी येताना अजूनही त्या पट्ट्यानेच आधी दिसते.

या रोडस्टरमध्ये मडगार्डाला भरपूर जागा होती. टायर 28 बाय दीड इंची, जवळजवळ 40 मिलिमीटर रुंद. ब्रेक दांडीचे, वाकवलेली दांडी मडगार्डाच्या बाहेरून येते आणि रिमला तारांच्या बाजूने दाबते, त्यामुळे टायरच्या डोक्यावर काही अडचण नाही. खराब रस्त्यांवर, वसाहतींत विकायची सायकल म्हणूनच ती तशी घडवलेली होती. तरीही कन्हार तिला पुरून उरते, ही गोष्ट वेगळी.

मडगार्ड काढण्यात ऐट आहे, हे आपल्याला शर्यतींनी शिकवलं. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. त्याच्या सायकलीला ना मडगार्ड, ना स्टँड, ना घंटी. गल्लीतल्या पोरांनी घाट कधी चढला नाही, पण मडगार्डं लगेच उतरवली. कारखान्यांनी मधला मार्ग काढला. बीएसए एसएलआर आठवते? हलकी, अरुंद टायरची, साखळीवर अर्धंच कव्हर. मडगार्ड होतं, पण चाकाला चिकटून, सडसडीत. स्पोर्टी दिसायला मडगार्ड टाकून द्यावं लागत नाही, जागा कमी केली तरी पुरतं, हे कळण्याइतपत ती चांगली होती.

फ्रान्समध्ये हाच विचार फार पुढे नेला गेला. 1934 मध्ये ग्रूप मोंतान्यार पारिझियां या मंडळाने सायकलींचीच परीक्षा घेतली. डोंगरातल्या खराब रस्त्यांवर सायकल पळवायची. कमी वजनाला गुण, आणि काही तुटलं, सैल झालं की गुण वजा. मडगार्ड खडखडलं तर कारागिराची अब्रू जायची. त्या परंपरेत रने एर्ससारख्या कारागिरांनी ॲल्युमिनियमची मडगार्डं अशी बसवली की टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकसारखं. पातळ पत्र्याला ताठपणा यावा म्हणून लफोल कंपनी त्यावर ठोके उठवायची, तांबटाच्या घागरीवर असतात तसे. जपानची होंजो कंपनी अजून तशी मडगार्डं बनवते. या सायकलींकडे पाहून कुणी ‘मडगार्ड लावून घालवली’ असं म्हणणार नाही.

माझं मत विचाराल तर रोड बाइकच्या रूपाचं सगळं गुपित त्या एकसारख्या अंतरात आहे. रंग, चकाकी हे सगळं नंतर. टायर काळा, म्हणून काळं, बिनचमकीचं मडगार्ड नजरेला चाकाचाच भाग वाटतं. त्याच्या आधाराच्या तारा लांब राहिल्या तर कापाव्यात आणि टोकाला टोपी घालावी. उलट, सीटच्या नळीवर चिमट्याने धरलेली, हवेत वर उचललेली ती छोटी पट्टी कितीही महाग घेतली तरी उपरी दिसते. पाठ थोडी वाचवते, पाय आणि साखळी अजिबात नाही. मागून येणाऱ्या जोडीदाराच्या तोंडावर तर सगळं पाणी तसंच.

पण एकसारखं अंतर ठेवायला मुळात अंतर हवं. शर्यतीच्या सायकलींनी तेच संपवलं. वरून टायरला कवेत घेणारे ब्रेक आले. त्यांची पोहोच 39 ते 49 मिलिमीटर, म्हणजे 25चा टायर बसला की वर कागद सरकेल एवढीच फट. फोर्कच्या चिमट्यावरची मडगार्डाची भोकंही गेली. डिस्क ब्रेकने ही जागा परत दिली. 2018 मध्ये शर्यतींत त्यांना कायमची मान्यता मिळाली, आणि टायर 28, 30, 32 असे रुंदावत गेले. आता बऱ्याच रोड बाइकना लपवलेली भोकं असतात. सायकल घेताना दुकानात आधी ती भोकं शोधावीत, गिअर नंतर मोजावेत. भोकं नसतील तर नळीला पट्टा आवळून तार बसवता येते, पण कार्बनच्या चिमट्यावर हा प्रयोग नको. रुंदीचा साधा हिशेब: मडगार्ड टायरपेक्षा निदान 8-10 मिलिमीटर रुंद. 25च्या टायरला 35चं, 32च्या टायरला 45चं. गावच्या दुकानातलं रोडस्टरचं मडगार्ड स्वस्त म्हणून उचलू नये. त्या चाकाची रिम 635 मिलिमीटरची, रोड बाइकची 622ची. पत्र्याचा गोल मोठा पडतो आणि अंतर एका टोकाला फाकतं.

आलापल्लीहून भामरागड साधारण 65 किलोमीटर. लोकबिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळच्या हेमलकशाला सुरू झाला तेव्हा इथे धड रस्ता नव्हता. आता डांबर आहे आणि चंद्रपूर-नागपूरकडचे हौशी सायकलवाले हेमलकशापर्यंत येतात. पावसाळ्यात येणाऱ्यांची सायकल मात्र शहरातल्या पावसाची तयारी करून आलेली असते. इथे पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढतं, उतरताना गाळ सोडून जातं, आणि नाल्याजवळ डांबरावर मुरूम पसरलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे काटक्या. वाऱ्याने पडलेली सागाची नाहीतर बांबूची बोटभर जाड काटकी पुढच्या चाकाने उचलली आणि ती मडगार्डाच्या फटीत शिरली, तर मडगार्ड दुमडून चाकाखाली जातं, चाक जागच्या जागी थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे. रोडस्टरची रुंद फट काटकीला बऱ्याचदा जाऊ देते. देखणी, चिकटून बसवलेली फट तिला अडकवते. म्हणून जर्मनीच्या एसकेएससारख्या कंपन्या पुढच्या मडगार्डाच्या तारा अशा प्लास्टिकच्या खोबणीत बसवतात की जोराचा हिसका बसला की त्या आपोआप निसटतात. तार सुटते, चाक फिरत राहतं. हौस म्हणून त्या खोबणीऐवजी पक्के स्टीलचे नट लावणारे लोक आहेत. त्यांनी जंगलात येऊ नये.

आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही. लहान फ्रेमच्या सायकलीत तीव्र वळण घेताना बुटाचं टोक पुढच्या मडगार्डाला लागतं. उभ्या सायकलीवर बसून, पेडल पुढे आणून, हँडल पूर्ण वळवून पाहावं. लागत असेल तर मडगार्ड आखूड करावं, नाहीतर सवय करून घ्यावी.

भामरागडसाठी सायकल मांडायची तर मी 32चा टायर, 45चं काळं मडगार्ड, सगळीकडे बोटभर अंतर आणि निसटणाऱ्या खोबण्या घेईन. दिसायला ती शर्यतीच्या सायकलीपेक्षा किंचित भरलेली दिसेल, एसएलआरपेक्षा जास्त नाही. लाहेरीकडे कच्च्या वाटेला लागायचं असेल तर पुढचं मडगार्ड मुक्कामी ठेवायचं आणि इथल्या लोकांसारखं पाना बरोबर न्यायचा. फ्लॅप मात्र या मडगार्डांबरोबर येतो तो आखूड, घोट्याच्या वरच संपणारा. तो काढून टाकावा, आणि पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून घ्यावा. खालून रुंद, वरून निमुळता, जमिनीपासून चार बोटं वर. दोन भोकं, दोन वायसर, आणि बोल्टचं डोकं आतल्या बाजूला. बाहेर ठेवलं तर बोल्टचा शेवट आत येतो आणि तोच टायर कापतो.