डोंगर खाली येतो तेव्हा

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौकला होता, म्हणजे रसायनीजवळच्या आमच्या मोहोपाड्याच्या शेजारीच. तिथून ते वन ट्री हिलच्या वाटेने डोंगरावर गेले, रामबागेकडून उतरले आणि माथेरानचा 'शोध' लागला. वर ठाकर-धनगर राहतच होते, पण ते असो. पुढे मुंबईचे खातेपिते लोक हवापालटासाठी वर जाऊ लागले आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडीही सुरू झाली. मात्र या औषधाला सवड लागते आणि पैसाही. ज्याचं पोट हजेरीवर चालतं, त्याला डॉक्टरने 'हवा बदला' सांगून उपयोग काय? डोंगरच रोग्याकडे आला तर बरं, ही गरज इथली.

आज रुग्णाच्या डोळ्यांवर जंगल, समुद्र दाखवणारा व्हीआर हेडसेट चढवतात. त्याचं एक मूळ या हवापालटात आहे, तर दुसरं थेट जत्रेत. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की खोली भासते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडलं. हेडसेट अजून त्यावरच चालतो. आपल्याकडे जत्रेत डब्याच्या भोकाला डोळा लावून मुलं दिल्ली-आग्रा पाहत. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं हलती केली, ती 'शांबरिक खरोलिका'. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी दोन डोळ्यांच्या त्या युक्तीत मोठी भर घातली: मान वळवली की चित्रही वळायचं. अवघड काम तेच. चित्र क्षणभर मागे राहिलं तरी पोटात ढवळतं, आणि आजाऱ्याला ते नकोच.

नुसत्या दृश्यानेही आराम पडतो याचा पुरावा वैद्यकाला मिळाला तो साध्या खिडकीतून. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली आणि त्यांना घरीही थोडं लवकर सोडलं; बाकीच्यांसमोर विटांची भिंत होती. पुढे हंटर हॉफमन यांच्या गटाने भाजलेल्यांसाठी 'स्नोवर्ल्ड' हा बर्फाळ दरीतला खेळ केला. ड्रेसिंग बदलताना रुग्ण बर्फाचे गोळे मारण्यात गुंततो आणि वेदनेकडचं लक्ष उडतं. जखम त्याने भरत नाही. ती घटका तेवढी निभते.

रसायनीच्या कारखान्यांलगत राहणाऱ्या मोहोपाडेकरांना भाजणं म्हणजे काय ते सांगायला नको. माझं मत विचाराल तर ज्या खाटेवरून इथला प्रबळगडाचा डोंगर दिसतो तिथे आधी खिडकी उघडावी. पण भाजलेल्यांच्या बंद वॉर्डात ते जमत नाही. तिथे हेडसेट जरूर आणावा, फक्त त्यात बर्फच कशाला? पावसाळ्यातला प्रबळ दाखवा, बेडकांच्या आवाजासकट. चित्रीकरण मात्र श्रावणातच करावं लागेल, आणि सारखी लेन्स पुसायला सोबत एक माणूस न्यावा लागेल.