नागपूरचे ऊन आणि भोसल्यांच्या बागा

ज्या नगरात मे महिन्याच्या मध्यान्ही पारा ४५ अंशांच्या घरात सहज जातो, आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपाच्या नऊ दिवसांत दुपारचे रस्ते संचारबंदीचा हुकूम सुटल्यासारखे ओस पडतात, त्या नागपुरात सहकुटुंब वनविहाराची परंपरा इतकी खोल कशी रुजली, असा प्रश्न पुण्यामुंबईच्या पाहुण्याला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नागपूरकराच्या हौसेत थोडे आणि तेथील तलावांत व पंचांगात पुष्कळ सापडते.

गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी हे शहर वसवले आणि त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने त्याला तट घालून जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, सिद्ध केला. पुढे भोसल्यांचा अंमल बसल्यावर तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव, महाराजबाग अशा जागी एकामागून एक बागा आणि तलाव उभे राहिले. या रचनेकडे केवळ राजविलास म्हणून पाहणाऱ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते की, उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागणाऱ्या मुलखात आधी पाणी अडवावे लागते आणि मगच त्याच्या आश्रयाने झाड लावता येते. पश्चिमेच्या उंचवट्यावरून नागनदीच्या खोऱ्यात उतरणारे पावसाचे पाणी बांध घालून थोपवले गेले, म्हणून तेलंगखेडीला फुटाळ्याचा जलाशय लाभला आणि त्याच्या निकट आमराईसारखी सावली धरली. या बागा सरकारवाड्याच्या खासगीकडे होत्या. तेथे रयतेला मुक्तद्वार असण्याचे काही कारण नव्हते.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, दत्तकाला मान्यता न देता कंपनी सरकारने पुढल्याच वर्षी राज्य खालसा केले, हत्तीघोड्यांचा सीताबर्डीस लिलाव झाला आणि जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले. बागा मात्र गाड्यांवर लादून नेता येत नाहीत. महाराजबाग कालांतराने शेतकी खात्याच्या स्वाधीन झाली, १८९४ मध्ये तेथे प्राणिसंग्रह सुरू झाला, आणि ज्या वाटेने पूर्वी राजाचे मेणे जात त्या वाटेने गिरणीकामगारांची आणि कारकुनांची पोरे वाघ पाहावयास जाऊ लागली. आजही हे प्राणिसंग्रहालय कृषी विद्यापीठाकडे आहे. वाघाची निगराणी शेतकी पंडितांनी करावी, हा योग नागपूरकराला मुळीच नवलाचा वाटत नाही.

परंतु जागा मोकळी झाली म्हणजे घरातील सर्व माणसे बाहेर पडतील, असा तो काळ नव्हता. सासुरवाशिणीला नुसत्या हवापालटासाठी उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती. तिला व्रताचा परवाना लागे, आणि तो देण्याचे काम पंचांगाने चोख बजावले. श्रावणी सोमवारी तेलंगखेडीच्या महादेवाचे दर्शन ठरलेले, आणि दर्शनाला जोडून तळ्याकाठचा फेरफटका ओघानेच आला. कार्तिकात आवळीभोजन येई. दमण्या आणि बैलगाड्या जुंपून, पितळी भांडी, शिधा, गोवऱ्या आणि पळसाच्या पत्रावळी घेऊन अवघे कुटुंब रानात किंवा बागेत उतरे. आवळ्याच्या झाडाची पूजा होई. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले जात, आणि तुपात बुडवलेल्या त्या रोडग्यांबरोबर वांग्याची झणझणीत भाजी व वरण यांचा असा बेत जमे की, स्त्रियांनी केलेल्या पूजेहून पुरुषांनी केलेल्या भोजनाचीच चर्चा पुढे चार दिवस चाले. रोडगे भाजण्याचा मान बहुधा पुरुषांकडे असे, ही गोष्ट येथे नमूद करणे न्यायाचे होईल. त्याच पंधरवड्यात रामटेकची कार्तिकी यात्रा भरे, आणि ज्यांना गाडीभाड्याची ऐपत होती त्यांचा मुक्काम अंबाळा तलावाच्या काठी पडे.

हे सर्व दिवस पाहिले तर ध्यानात येते की, त्यांतला एकही चैत्रवैशाखातला नाही. उन्हाळ्यात सहल घडे ती आपल्याच अंगणात: सडा टाकून जमीन निववायची, बाजा बाहेर काढायच्या, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचे, पन्ह्याचा तांब्या उशाशी ठेवायचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी या ऋतूवर निराळा तोडगा काढला. मध्यप्रांताचे सरकार उन्हाळा लागताच दफ्तर घेऊन पचमढीच्या थंड पठारावर चढे. गंमत अशी की, नागपूरची सामान्य प्रजाही त्याच पचमढीला जाई, आणि अद्याप जाते, पण ती नागपंचमीच्या सुमारास, भर पावसात, निसरड्या कड्यांतून नागद्वाराच्या यात्रेला. साहेबाने पचमढी गाठली ती उन्हाच्या भयाने आणि नागपूरकराने गाठली ती नागाच्या भक्तीने. दोहोंपैकी अधिक सुखी कोण झाला, याचा निवाडा मी नागद्वाराच्या बाजूने देईन.

अंबाझरीची कथा याहून वेगळी आहे. भोसलेकालीन तलावाचा बांध इंग्रजी अमदानीत वाढवण्यात आला तो शहराला नळाचे पाणी पुरवण्यासाठी. त्याला लागून आज जे उद्यान आहे ते १९५८ मधले. विजेचे पंखे आणि पुढे कूलर आल्यावर दुपार घरात सुसह्य झाली, पण संध्याकाळ घराबाहेरच काढायची ही जुनी खोड गेली नाही, आणि अंबाझरी व फुटाळा यांच्या काठी भेळ, मक्याची कणसे व फुगे यांचा बाजार भरू लागला. या गर्दीत काठावर बसलेल्या माणसाला आपण एका बांधाच्या आश्रयाने बसलो आहोत याचा विसर पडला, तर त्याला दोष देता येत नाही. ज्यांच्याकडे बंदोबस्ताचे काम आहे त्यांना मात्र तो विसर परवडणारा नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीत अंबाझरी भरून वाहिली आणि खालच्या वस्त्यांत घराघरांतून पाणी शिरले. म्हणून तळ्याकाठी नवे कारंजे किंवा नवी रोषणाई व्हावी अशी मागणी घेऊन जाणाऱ्या नागरिकांना विनंती अशी की, त्यांनी त्या अर्जात सांडव्याच्या आणि बांधाच्या दुरुस्तीचे कलम सर्वांत वर घालावे.